मैनाच्या टाकीतलं पाणी

१

मंगळवारी सकाळी सात बावन्नला मैना उडाली आणि सात त्रेपन्नला लसणाच्या शेतात जाऊन पडली.

मैना म्हणजे अवंतिका फ्लाइंग क्लबचं सगळ्यात जुनं विमान. १९६३ सालचं, दोन सीटचं. पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक चिमुकलं चाक, त्यामुळे जमिनीवर उभी असली की बाईसाहेब नाक वर करून बसलेल्या दिसायच्या. क्लबकडे चार नवी कोरी विमानं होती, तरी इंदूरजवळ महूच्या पुढे असलेल्या क्लबच्या धावपट्टीवर प्रत्येक पोराचं पहिलं एकट्याचं उड्डाण मैनामधूनच व्हायचं. गेली पंचवीस वर्षं हाच रिवाज होता आणि मैनाने आजवर कुणाला दगा दिला नव्हता.

त्या दिवशी पाळी होती ऋजुता भालेरावची. वय एकोणीस, राहणार जुनी इंदूर. जेमतेम दीडशे फुटांवर इंजिन बंद पडलं. पोरीने डोकं ठिकाणावर ठेवलं. मागे वळण्याचा वेडेपणा केला नाही, नाक खाली घेतलं आणि समोर दिसलं त्या शेतात मैना टेकवली. विमानाचं एक चाक मोडलं, पोरीचं उजवं मनगट मोडलं आणि शेतमालकाने सगळा लसूण गेल्यासारखा आरडाओरडा केला. इंजिन उघडल्यावर कार्बुरेटरमधून पाणी निघालं.

आता पेट्रोलच्या टाकीत पाणी येणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. म्हणून तर प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिकाने टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल पारदर्शक कपात काढून बघायचं असतं. विमानाचं पेट्रोल निळं असतं. पाणी जड, ते खाली बसतं. कपात वर निळं, खाली पांढरं आणि मध्ये रेषा दिसली, की विमान जागचं हलवायचं नाही. पहिल्या आठवड्यात पोरं हे शिकतात.

म्हणजे हिशेब सरळ होता. ऋजुताने सॅम्पल घेतलंच नव्हतं. मुख्य प्रशिक्षक कॅप्टन अरविंद मोघे यांनी तसा जबाब दिला होता: "मी तिथेच होतो. तिला सॅम्पल घेताना मी पाहिलं नाही." ज्यांनी निम्म्या माळव्याला उडायला शिकवलं, त्या मोघे सरांच्या शब्दापुढे कोण बोलणार?

क्लबचा रिपोर्ट विमान वाहतूक खात्याकडे शुक्रवारी दुपारी चारपर्यंत जायचा होता. तो लिहायचा होता यामिनी दिघेने. यामिनी क्लबची सेफ्टी ऑफिसर, दोन वर्षांपूर्वी नाशिकहून आलेली, पंचेचाळिशीची आणि जिभेने जरा तिखटच. रिपोर्टात 'तपासणी केली नाही' असं एकदा आलं की ऋजुताचं नाव इथून कटणार होतं आणि दुसरा कुठलाही क्लब तिला दारात उभं करणार नव्हता.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता यामिनीचा फोन वाजला.

"मॅडम, ऋजुता बोलतेय. तुम्ही कागद तयार करा. मी सही करून टाकते. मी सॅम्पल घेतलं नसेलच."

यामिनी खुर्चीत ताठ झाली. मंगळवारी हॉस्पिटलच्या खाटेवर, प्लास्टर ओलं असताना, हीच पोरगी ठणकावून म्हणाली होती की सॅम्पल घेतलं, निळं होतं, रेषा नव्हती. मग तीन दिवसांत असं काय झालं?

"कुठेही सही करायची नाही," यामिनी म्हणाली. "मी येतेय."

२

ऋजुताच्या आईने, सुनीताताईंनी, दार उघडलं. डोळे सुजलेले.

"बघा तुम्हीच काय ते," त्या म्हणाल्या. "पोरगी बावचळून गेलीये. गॅस बंद केला का ते चार-चार वेळा उठून बघते. कालपासून कुलूप लावलं का, नळ बंद केला का, सगळं मला विचारते."

ऋजुता पलंगावर बसली होती. यामिनीने सरळ विचारलं, "मंगळवारी घेतलं म्हणालीस. आज नाही म्हणतेस. खरं काय?"

"मतलब, मला तर घेतलेलंच आठवतं, मॅडम. पण सर तिथेच होते आणि त्यांनी पाहिलं नाही. रोजची गोष्ट असली की केली नसली तरी केली असंच वाटतं ना? सर खोटं कशाला बोलतील, यार?" तिचा आवाज फुटला. "आणि घेतलं असतं तर पाणी दिसलं असतं. नाही दिसलं म्हणजे नाही घेतलं. सिंपल आहे."

सिंपल होतं खरं. यामिनीलाही तेच खात होतं.

"त्या दिवशीचा शर्ट कुठे आहे?"

सुनीताताईंनी प्लास्टिकची पिशवी आणली. हॉस्पिटलमध्ये बाही कापावी लागली होती, म्हणून तो पांढरा शर्ट धुवायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. यामिनीने कापलेली बाही उलटसुलट केली. कफवर रुपयाएवढा फिकट निळा डाग होता.

"हे काय?"

"सॅम्पल फेकताना सांडलं असेल," ऋजुता पटकन म्हणाली. फेकायला आधी घेतलेलं असावं लागतं, हे तिच्याही ध्यानात आलं.

यामिनीने डाग नाकाशी नेला. पेट्रोलचा मागमूस नव्हता. म्हटलं, तीन दिवसांत वास उडाला असेल. मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, ती स्वयंपाकघरात गेली, एका वाटीत पाणी घेतलं आणि कफचं टोक त्यात बुडवलं.

वाटीतलं पाणी निळं झालं. यामिनीने शर्ट पिशवीत घातला आणि पिशवी घेऊन ती निघाली.

३

क्लबवर पोचली तर व्हरांड्यात मोघे सर उभे. सदुसष्ट वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट, खिशात छोटी डायरी.

"अगं यामिनी, रिपोर्ट झाला का? चहा घेतेस?"

"आज जाईल, सर. चहा नको."

ती फाइल घेऊन दहा मिनिटांत परत आली, तर सर तिथेच. हातात कप. "अगं यामिनी, रिपोर्ट झाला का? चहा घेतेस?"

म्हाताऱ्याला भलतीच घाई झालीये, तिच्या मनात आलं. एरवी त्यांच्याबद्दल असं तिच्या मनात आलं नसतं. नवरा गेल्यावर नोकरी शोधत वणवण फिरत होती तेव्हा याच माणसाने एका फोनवर तिला इथे बोलावून घेतलं होतं.

हँगरमध्ये संताजी मोडकी मैना खोलून बसला होता. संताजी म्हणजे क्लबचा जुना मेकॅनिक. मराठी घरचा, पण बोलीत निम्मी हिंदी.

"टाकी कुणी भरली होती?"

"मीच, मैडमजी. सोमवारी शामको. त्याच टँकरमधून बाकी दोन विमानं भरली, दोन्ही एकदम मस्त उडाली. टँकरचं सॅम्पल तुम्हीच बघितलं ना, एकदम साफ."

"म्हणजे पाणी फक्त मैनामध्ये गेलं. आणि इंजिन जमिनीवर असताना का नाही बंद पडलं?"

संताजीने मोडक्या चाकावर थाप मारली. "ही बसते नाक वर करून. पाणी टाकीत मागच्या बाजूला जमतं, सॅम्पलचा नळ पण तिथेच आहे. इंजिनकडे जाणारी नळी पुढे. पळायला लागली, शेपटी उचलली, की पाणी सरकलं पुढे. समजलं ना?"

"समजलं. मग कार्बुरेटरमधून निघालेलं पाणी कसं होतं? दिसायला?"

"निळसर होतं. पेट्रोल मिळालं असेल त्यात."

"संताजी, एक ग्लास आण."

ग्लासात निम्मं विमानाचं पेट्रोल आणि निम्मं पाणी ओतलं. यामिनीने वर तळहात दाबून ग्लास चांगला घुसळला आणि फळीवर ठेवला. दोघं बघत राहिले. मिनिटाभरात वर निळं, खाली पाणी. पाणी स्वच्छ पांढरं.

"पेट्रोलचा रंग पाण्यात उतरतच नाही," यामिनी म्हणाली. "उतरला असता तर रेषा कधी दिसलीच नसती. मग तुझ्या कार्बुरेटरमधलं पाणी निळं कसं? आणि पोरीच्या कफवरचा डाग पाण्यात विरघळला कसा? तिने सॅम्पल घेतलं होतं, संताजी. कपभर नुसतं पाणीच आलं, निळं रंगवलेलं. वर-खाली एकच रंग. रेषा दिसणार कुठून?"

संताजी फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"कपड्यांची नीळ घातली असेल," तो पुटपुटला.

"मी नीळ म्हटलंच नव्हतं."

संताजी पुन्हा मैनाकडे वळला. "मला काही विचारू नका, मैडमजी. मला शपथ आहे. त्या रजतला विचारा."

४

रजत ऋजुताच्याच बॅचचा. एकट्याचं उड्डाण आधी त्याचं व्हायचं होतं, पण मोघे सरांनी त्याला मागे ठेवून ऋजुताला पुढे काढलं. यावरून त्याने कँटीनमध्ये तमाशा केला होता, हे सगळ्या क्लबला ठाऊक होतं. मंगळवारी मैनापुढे उभं राहून 'निघ' असा इशारा करणाराही तोच.

यामिनीने त्याला रिकाम्या वर्गात बसवलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "टाकीत निळीचं पाणी तू ओतलंस?"

रजत ताडकन उठला. "काय बोलताय, मॅडम! माझं तिचं भांडण झालं, मान्य. म्हणून मी तिला मारायला निघालो? ती नीळवाली टेस्ट तर—" आणि जीभ चावून तो खाली बसला.

"कुठली टेस्ट?"

"नाही सांगू शकत. सरांना वचन दिलंय."

"ऋजुता आज चार वाजता स्वतःला खोटं ठरवणाऱ्या कागदावर सही करणार आहे. आता दोन वाजलेत. वचन सांभाळ नाहीतर तिला."

रजतने कपाळ चोळलं. मग सगळं भडाभडा बाहेर आलं.

"सर प्रत्येकाची घेतात. एकट्याला सोडायच्या आधी. गुपचूप मैनाच्या टाकीत अर्धी बाटली निळीचं पाणी ओततात. आपण सॅम्पल घेतो, निळं दिसतं, रेषा नाही, आपण म्हणतो ओके सर. मग सर म्हणतात, वास घे बेटा. वास घेतला की आपला पोपट होतो. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, नाकही वापरा, हे शिकवायला. नंतर संताजी भिया टाकी साफ करतो. मी पण फेल झालेलो. सगळेच होतात. मागून येणाऱ्यांना कुणी सांगायचं नाही, अशी शपथ असते."

"आणि ऋजुताची टेस्ट?"

"तिला डेंग्यू झालेला ना, पंधरा दिवस नव्हती. तेव्हा बॅचची झाली. तिची राहिली होती."

"मंगळवारी तू मैनाजवळ आलास तेव्हा सर कुठे होते?"

"फोनवर, हँगरच्या मागे. ऋजुता आत बसलेली होती. सर आले, फाइलवर काहीतरी लिहिलं, मला अंगठा दाखवला. मी इशारा दिला."

यामिनी धावतच आपल्या खोलीत गेली. प्रत्येक विद्यार्थ्याची एक प्रशिक्षणाची फाइल असते. एकेक धडा झाला की प्रशिक्षक तारीख घालून सही करतो. एकही रकाना कोरा असेल तर एकट्याला सोडता येत नाही. आणि आधी सही करून नंतर धडा घेणं मोघे सरांनी जन्मात केलं नव्हतं. यामुळेच तर लोक त्यांच्या सहीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

तिने ऋजुताची फाइल उघडली. 'इंधनातील पाणी ओळखणे.' तारीख, मंगळवारची. सही, अ. मोघे.

म्हणजे मंगळवारी मैनाच्या टाकीत निळीचं पाणी ओतलं होतं ते सरांनीच. दुसरं कुणी निघालं असतं तर बरं झालं असतं, असं तिला मनापासून वाटलं.

५

"सर, ही परीक्षा तुम्ही मंगळवारी घेतलीत?"

मोघे सरांनी फाइल डोळ्यांजवळ धरली. "घेतली. सही आहे ना."

"पास झाली की नापास?"

सरांची नजर नकळत खिशातल्या डायरीकडे गेली. यामिनीने हात पुढे केला. सरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि डायरी दिली. पानंच्या पानं भरलेली: 'चावी डाव्या खिशात.' 'दूधवाल्याला सांगितलं.' 'रजतला रागावलो आहे, पुन्हा रागावू नये.' 'यामिनीला चहा विचारला.'

यामिनीच्या डोळ्यांपुढे व्हरांडा आला. त्यांना घाई नव्हतीच. आपण दहा मिनिटांपूर्वी विचारलंय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"केव्हापासून, सर?"

"दिवाळीपासून जास्त झालंय." त्यांनी चष्मा काढला. "पाणी ओतलं. ती सॅम्पल घ्यायला वाकली आणि फोन आला. परत आलो तर ती आत बसलेली. टेस्ट झाली असंच वाटलं गं. रकाना कोरा दिसला, सही केली. इंजिन बंद पडल्याचं ऐकलं, तेव्हा हातात धरलेली बाटली आठवली. तेव्हा आठवली."

"आणि तरी बुधवारी म्हणालात, तिला सॅम्पल घेताना पाहिलं नाही."

"पाहिलं नव्हतंच. फोनवर होतो."

"वकिली करू नका, सर!" यामिनी ओरडली. तिचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला असणार, पण तिला पर्वा नव्हती. "तुम्ही जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलंत."

"डॉक्टरने एकदा 'विसरतो' असं लिहिलं की माझं उडणं संपलं, यामिनी. मला दुसरं काही येत नाही. घरी कुणी नाही." मग ते हळूच म्हणाले, "असं कर ना. पाणी कसं गेलं ते कळलं नाही, असं लिही. पोरगीही सुटेल, मीही सुटेन. कुणाचं काय जातं?"

खोटं कशाला सांगायचं, यामिनी क्षणभर डगमगली. तसं एक वाक्य लिहिणं काही कठीण नव्हतं. ऋजुताचं नाव-लायसन्स सगळं वाचत होतं. या माणसाने आपल्या पडत्या काळात हात दिला, त्याचे उपकार फेडायची हीच वेळ, असंही मन म्हणालं. पण मग तिला ती गॅसपाशी चार-चार वेळा उठून जाणारी पोरगी दिसली. रिपोर्टातून सुटली असती तरी ती त्या गॅसपाशी उभीच राहिली असती.

"साडेतीनला ती येतेय," यामिनी म्हणाली. "मी लिहायचं ते लिहीनच. पण तिला तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडाने."

६

वर्गात बॅचची नऊ पोरं बसली होती. मागे संताजी, दाराशी सुनीताताई. क्लबचे सेक्रेटरी अशोकजी घड्याळ बघत होते. मोघे सर फळ्याजवळ उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. निळीचं पाणी, फोन, सही, विसरणं. काही लपवलं नाही. मध्ये एकदा अडखळले, डायरीत बघितलं आणि पुढे बोलले. पोरांपैकी दोघीतिघी रडायला लागल्या.

ऋजुता रडली नाही. प्लास्टरमधला हात छातीशी धरून ती उभी राहिली.

"कपात निळं होतं ना, सर?"

"हो."

"रेषा नव्हती."

"नव्हती, बेटा."

"मी कप उजेडात वर धरून पाहिला होता."

"पाहिला असशील—"

"पाहिला होता," ती म्हणाली. "विमान पडलं त्याचं मला काही नाही, सर. शिकवताना चूक होते. हात मोडला, जुळेल. पण बुधवारी रात्री तुम्ही घरी फोन केलात. माझ्या आईला सांगितलंत, पोरीला रागावू नका, घाबरल्यावर माणूस विसरतो. मग मला म्हणालात, बेटा, तू सॅम्पल घ्यायचं विसरलीस, सोडून दे आता." ती एक पाऊल पुढे आली. "विसरलं कोण होतं, सर? तेव्हा तुम्हाला आठवत होतं ना? तेव्हा तर सगळं आठवत होतं!"

मोघे सरांनी मान खाली घातली. "आठवत होतं," ते म्हणाले.

अशोकजी खाकरले आणि म्हणाले, चला, आता कागदाचं तेवढं बघून घेऊ, पोरीला सहीची काही जरूर नाही. पण ऋजुताने कोरा कागद मागितला. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून पेन डाव्या हातात धरलं आणि वाकडीतिकडी अक्षरं काढायला लागली. यामिनी तिच्या खांद्यावरून वाचत होती. 'मी सॅम्पल घेतलं. रंग निळा होता. रेषा नव्हती.' मग पोरगी थांबली आणि तिने आणखी एक ओळ लिहायला घेतली. 'मी वास घेतला नाही.'

"ते नको लिहूस," यामिनी हळूच म्हणाली. "गरज नाही."

"राहू द्या, मॅडम. नव्हताच घेतला."

डाव्या हाताने लिहायला तिला फार वेळ लागला. चार वाजून गेले. ती लिहीत होती तोवर मोघे सर फळ्याजवळ उभेच होते आणि त्यांना कुणीही बसा म्हटलं नाही.